हिडन लावलं आणि 'रस्ता बंद' दिसेनासं झालं. ओव्हरफ्लो-क्लिप आता बिनधास्त वापरता येतं का?

तिकटीवरचा · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, हातून झालेली एक चूक सांगतो आणि तिच्यावरून एक प्रश्न विचारतो. लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. विषय आहे ओव्हरफ्लोचा, म्हणजे चौकटीत न मावणाऱ्या मजकुराचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या) प्रॉपर्टीचा; हिडन आणि क्लिप या तिच्या किंमती. प्रॉपर्टींची नावं इथं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती कशी लिहायची ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मी राजारामपुरीत बसून वेबसाइटी करतो. गुळाचे व्यापारी, चपलांची दुकानं, उद्यमनगरातले कास्टिंगवाले अशी गिऱ्हाइकं. शिवाय पावसाळ्यात एका स्वयंसेवक गटासाठी पुराच्या पातळीचं पान चालवतो, त्याचे पैसे घेत नाही. २०१९ ला इथं जे बघितलंय त्यानंतर ते काम मनापासून करावंसं वाटतं. पान साधं आहे. वर चिकटून राहणारी पट्टी, तिच्यात राजाराम बंधाऱ्याची ताजी पातळी. खाली तक्ता, पाच रकान्यांचा: ठिकाण, वेळ, पातळी, इशारा/धोका, शेरा. बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. कुठला रस्ता बंद झालाय ते मात्र कुणालाच पाठ नसतं, आणि ते शेऱ्याच्या रकान्यात असतं.

गेल्या पावसात गटातल्या एकानं कळवलं की फोनवर पान आडवं हलतंय, उजवीकडं पांढरा पट्टा दिसतोय. मी गडबडीत होतो. सगळ्यात बाहेरच्या रॅपर डिव्हला (सगळं पान गुंडाळणाऱ्या चौकटीला) ओव्हरफ्लो-एक्स: हिडन लावलं, माझ्या फोनवर हलायचं थांबलं, पुढच्या कामाला लागलो.

चार दिवसांनी शियेहून एका काकांचा फोन आला. "बावड्याकडनं यायचा रस्ता चालू हाय का बंद? तुमच्या पानावर रस्त्याचं काहीच न्हाई." मी लॅपटॉपवर बघितलं, शेऱ्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: शिये-बावडा रस्ता बंद. मग फोनवर उघडलं. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर तक्ता 'पातळी' या रकान्याशी संपत होता. पुढचे दोन रकाने पडद्याच्या उजव्या कडेपलीकडं, आणि बोटानं सरकवून तिथं पोचायची वाटच मी बंद केलेली. कडा इतकी सफाईदार कापलेली होती की पुढं काही आहे अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. काका फोन करायच्या ऐवजी गाडी काढून निघाले असते तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आणखी एक झालं. वरची पट्टी चिकटायची थांबली. स्क्रोल केलं की तीही वर निघून जायची. ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

तेव्हा तात्पुरतं हिडन काढून टाकलं, त्यामुळं पान पुन्हा आडवं हलतंय. आता पावसाळ्याआधी नीट करायचं आहे. वाचलं की ओव्हरफ्लोला 'क्लिप' नावाची नवी किंमत आहे आणि तिनं पट्टीचं चिकटणं बिघडत नाही. कुठल्या ब्राउझरात चालतं? आमच्याकडं लोकांच्या हातात जुने अँड्रॉइड आहेत, दोघांकडं आयफोन ७ आहे, आणि गटाच्या कार्यालयात विंडोज ७ चा संगणक आहे. हे सगळं धरून सांगा.

जुना_पिक्सेल · सोमवार, रात्री १०:२५

आधी आकडे देतो, मग मुद्द्याचं बोलू.

व्हिजिबल, हिडन, स्क्रोल, ऑटो या चार किंमती १९९८ च्या सीएसएस २ पासूनच्या आहेत, त्यांच्या सपोर्टची चिंता नको. क्लिप फायरफॉक्सनं ८१ व्या आवृत्तीत घेतलं, २०२० मध्ये. क्रोम आणि एज ९० व्या आवृत्तीत, एप्रिल २०२१. सफारी सगळ्यात शेवटी, आवृत्ती १६, सप्टेंबर २०२२.

आता तुमची यंत्रं. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबलं, म्हणजे क्लिप आहे. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून वेगळं अपडेट होतं, फोनची सिस्टिम जुनी असली तरी. अँड्रॉइड ७ चा फोन क्रोम ११९ पर्यंत येतो, तिथंही क्लिप आहे. अडचण आयफोन ७ ची. त्याला आयओएस १६ मिळालंच नाही, तो १५ वर थांबला. तिथं क्लिप नाही.

आता हिडननं नेमकं काय केलं ते. हिडन म्हणजे 'कापून टाक' असा आपला समज असतो. तसं नाही. हिडन लावलेला डिव्ह हा स्क्रोल कंटेनरच, म्हणजे आतला मजकूर सरकू शकणारी चौकटच असतो, फक्त वापरणाऱ्याला त्याचा दांडा (स्क्रोलबार) आणि बोट दोन्ही नाकारलेलं असतं. जावास्क्रिप्ट त्याला सरकवू शकते. टॅब दाबत दाबत लपलेल्या भागातल्या लिंकवर फोकस गेला तर ब्राउझर स्वतःच तो डिव्ह आडवा सरकवतो, आणि मग माणसाला परत मागं आणता येत नाही.

दुसरी गोष्ट, एका अक्षाला हिडन लावलं की दुसरा अक्ष व्हिजिबल राहू शकत नाही, ब्राउझर त्याचं ऑटो करतो. म्हणजे तुम्ही लिहिलं आडव्यासाठी, पण रॅपर उभ्या दिशेलाही स्क्रोल कंटेनर झाला. पट्टी चिकटवणारं पोझिशन: स्टिकी जवळच्या स्क्रोल कंटेनरला धरून चिकटतं. तुमची पट्टी त्या रॅपरला चिकटून बसली, आणि रॅपर स्वतः काही स्क्रोल होत नाही. म्हणून ती पानाबरोबर वर गेली.

क्लिपचं वेगळं आहे. ते स्क्रोल कंटेनर तयारच करत नाही. म्हणून स्टिकी शाबूत राहतं, आणि एका अक्षाला क्लिप, दुसऱ्याला व्हिजिबल असं खरोखर लिहिता येतं. वरच्या मेन्यूची यादी खाली उलगडू द्यायची पण आडवं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे हिडननं कधीच जमत नव्हतं.

पण तुमच्या बाबतीत क्लिप लावलं असतं तरी शेरा कापलाच गेला असता. तो प्रश्न ब्राउझर सपोर्टचा नाही. बाहेर काय पडतंय ते आधी शोधा.

रंकाळा_फेरी · सोमवार, रात्री १०:३१

फ्लेक्सच्या (चौकटी शेजारी-शेजारी मांडणाऱ्या मांडणीच्या) पिल्लाला, म्हणजे आतल्या चौकटीला, मिन-विड्थ: ० देऊन बघा. दहातल्या सात वेळा तेच असतं.

तिकटीवरचा · सोमवार, रात्री ११:०५

जुना_पिक्सेल, पट्टीचं कोडं आज उलगडलं, आभार. हिडन म्हणजे दांडा काढून घेतलेला स्क्रोल कंटेनर, हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आयफोन ७ बद्दल एक विचारतो. ज्यांच्याकडं तो आहे त्यांना क्रोम टाकून घ्या असं सांगितलं तर?

जुना_पिक्सेल · मंगळवार, सकाळी ७:५०

उपयोग नाही. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट. आयओएस जुनं तर सगळेच ब्राउझर जुने. म्हणून सपोर्टचा तक्ता बघताना 'क्रोम' या रकान्यावर आयफोनवाल्यांना मोजू नका.

जुन्या ब्राउझरांसाठी फॉलबॅक (पर्यायी सोय) सोपा आहे. दोन ओळी, याच क्रमानं:

ओव्हरफ्लो-एक्स: हिडन;
ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप;

ज्याला क्लिप कळतं तो दुसरी ओळ धरतो. ज्याला कळत नाही तो ती सोडून पहिलीवर राहतो. सीएसएसचा हा जुना आणि भरवशाचा नियम आहे, न कळणारी किंमत ब्राउझर मुकाट टाकून देतो. आयफोन ७ वर फार तर पट्टी चिकटणार नाही, पान वाचता येईल. तिथं वेगळी मांडणीच हवी असेल तर ॲट-सपोर्ट्समध्ये (ब्राउझरला एखादी गोष्ट कळते का ते विचारणाऱ्या नियमात) ओव्हरफ्लो: क्लिप विचारून लिहा.

एक पथ्य. क्लिप थेट बॉडीवर किंवा एचटीएमएलवर लावू नका. तिथली किंमत व्ह्यूपोर्टकडं (पान दिसतं त्या ब्राउझरच्या खिडकीकडं) जाते आणि व्ह्यूपोर्ट क्लिपला हिडनच समजतो. आतल्या मेन किंवा रॅपरवर लावा.

लक्ष्मीपुरी_८८ · मंगळवार, सकाळी ९:१५

मी जरा उलट बोलतो, राग नसावा. दहा वर्षं झाली, प्रत्येक साइटला पहिल्या दिवशी बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स: हिडन टाकतो. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, स्टिकीही चालतं. महाद्वार रोडच्या दुकानदाराला साइट पाहिजे असते दिवाळीच्या आत. कुठला डिव्ह चार पिक्सेल बाहेर आलाय ते शोधायला त्याच्याकडं पैसे नसतात आणि माझ्याकडं वेळ. सगळ्यांनाच एका मापानं मोजू नका.

जुना_पिक्सेल · मंगळवार, सकाळी १०:०२

राग कशाला, तुमची अडचण खरी आहे. फक्त बॉडीवर लावलं की ते व्ह्यूपोर्टला लागू होतं, स्क्रोल व्ह्यूपोर्टचाच राहतो, म्हणून तुमचं स्टिकी चालतं. तेच एचटीएमएल आणि बॉडी दोघांना लावलं की व्ह्यूपोर्ट एचटीएमएलचं घेतो, बॉडी वेगळा स्क्रोल कंटेनर होतो आणि स्टिकी मोडतं. इंटरनेटवरून उचललेल्या बऱ्याच कोडमध्ये दोन्ही असतात, तेवढं तपासा.

तक्रार आली नाही याचा अर्थ मात्र मी वेगळा लावतो. कापलेला मजकूर वाचणाऱ्याला दिसतच नाही, मग तो तक्रार कशाची करणार? शियेच्या काकांनी पान बिघडलंय म्हणून फोन केला नव्हता. पानावर माहितीच नाही असं समजून केला होता.

शिरोरेषा · मंगळवार, दुपारी १:२०

आडव्याचं तुम्ही बोलताय, मी उभ्याचं सांगते. कारण हे दुखणं आपल्या लिपीचं आहे आणि इंग्रजी लेखांमध्ये ते फारसं सापडत नाही.

मी गुळाच्या एका दुकानाचं पान बघत होते. कार्डावर मथळा, लाइन-हाइट: १, ओव्हरफ्लो: हिडन. डिझाइन बनवणाऱ्यानं इंग्रजी मजकुरावर बनवलेलं. मराठी टाकल्यावर अक्षराखालचा ऊकार ओळीच्या चौकटीबाहेर गेला आणि कापला गेला. 'सेंद्रिय गूळ' चं झालं 'सेंद्रिय गळ'. मासे पकडायचा गळ! वरच्या बाजूला रफार गेला, 'दर्जेदार' चं 'दजेदार'. दुकानदार म्हणाला टायपिंग चुकलंय. टायपिंग बरोबर होतं, उकार डीओएममध्ये (ब्राउझरनं वाचलेल्या पानाच्या रचनेत) जागच्या जागी होता, फक्त रंगवला जात नव्हता.

रोमन अक्षरांना वर-खाली जेवढी जागा लागते तिच्यापेक्षा देवनागरीला जास्त लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं. मी मराठी मथळ्यांना १.४ च्या खाली जात नाही, मजकुराला १.६ च्या आसपास ठेवते. तपासायला एक ओळ ठरवून ठेवली आहे, ती प्रत्येक कार्डात टाकून बघते: "कुर्डूवाडीच्या ट्रॅक्टरला हृद्य निरोप, कर्त्यांनीं मूर्तीपुढं गूळ ठेवला". यातलं काही कापलं नाही तर बहुतेक काहीच कापत नाही.

क्लिपबरोबर ओव्हरफ्लो-क्लिप-मार्जिन नावाची प्रॉपर्टी आहे, कापायची रेषा थोडी बाहेर ढकलते. क्रोममध्ये ९० पासून, फायरफॉक्समध्ये १०२ पासून. हिडनबरोबर ती काहीच करत नाही, आणि मी तिच्यावर विसंबत नाही. लाइन-हाइट सगळीकडं चालते.

तीन ओळींनंतर टिंबं देणारं वेबकिट-लाइन-क्लॅम्प बिनधास्त वापरा. नावात वेबकिट असलं तरी फायरफॉक्सनं ते २०१९ मध्ये, ६८ व्या आवृत्तीत, त्याच नावानं घेतलं. फक्त त्याच डिव्हला खालून पॅडिंग देऊ नका. हिडन पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला कापतं, त्यामुळं चौथ्या ओळीची शिरोरेषा त्या पॅडिंगमध्ये डोकावते. पॅडिंग बाहेरच्या डिव्हला द्या.

रंकाळा_फेरी · मंगळवार, दुपारी १:४४

गळ! हे आमच्याकडं दोन साइटींवर आहे. आत्ता बघून आलो, 'मूग' चा 'मग' झालाय. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिरोरेषाताई, मी सारांश पीएचपीतच कापतो, सबस्ट्रिंगनं. त्यात काही वावगं?

शिरोरेषा · मंगळवार, दुपारी २:३०

शक्यतो नको. 'कोल्हापूर' घ्या. डोळ्याला चार अक्षरं: को, ल्हा, पू, र. युनिकोडमध्ये नऊ कोडपॉइंट (एकेका चिन्हाचे क्रमांक), कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा, म्हणजे सत्तावीस बाइट. पीएचपीचं साधं सबस्ट्रिंग बाइट मोजतं. दहा बाइट कापले तर 'कोल' आणि पुढं एक फुटका चौकोन. मल्टिबाइटवालं कोडपॉइंट मोजतं, चार मागितले तर 'कोल्' मिळतं, पाय मोडलेला ल. ग्राफीमवालं (डोळ्याला दिसणारं अक्षर मोजणारं) फंक्शन बरं, पण 'ल्हा' सारखी जोडाक्षरं एक अक्षर म्हणून धरायचा नियम युनिकोडमध्येच २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. सर्व्हरवरची लायब्ररी त्याआधीची असेल तर जोडाक्षर फुटतं. ब्राउझरमध्ये कापायचंच असेल तर इंटल-सेगमेंटर आहे, फायरफॉक्सनं ते एप्रिल २०२४ मध्ये १२५ व्या आवृत्तीत घेतल्यावर सगळीकडं झालं.

त्यापेक्षा पूर्ण मजकूर पाठवा आणि कापायचं काम सीएसएसवर सोडा. एका ओळीला टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस, जास्त ओळींना लाइन-क्लॅम्प.

कीबोर्डवर · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

माझी नजर कमी आहे. लॅपटॉपवर ४०० टक्के झूम करून वाचतो, फोनवर अक्षर सगळ्यात मोठं. तुमच्यासारख्यांनी हिडन लावलेली पानं माझ्याकडं कशी दिसतात ते सांगतो.

१२८० पिक्सेलचा पडदा ४०० टक्क्यांवर ३२० पिक्सेलचा होतो. डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (पानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या नियमांत) २०१८ पासून हाच आकडा आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा स्क्रोल न करता वाचता आला पाहिजे. तक्त्यांना, नकाशांना त्यातून सूट आहे, कारण त्यांना आडवी जागा लागतेच. पण सूट आहे ती आडवा स्क्रोल ठेवायला. कापून टाकायला नाही.

मराठीत आणखी एक आहे. आपले प्रत्यय शब्दाला जोडून येतात. 'इचलकरंजीकरांसाठीसुद्धा' हा एक शब्द आहे, मध्ये जागा नाही. मोठ्या अक्षरात तो ३२० मध्ये मावत नाही. ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर लिहिलेलं असलं की तो मोडून खालच्या ओळीवर येतो आणि मला वाचता येतो. नसलं तर अर्धा शब्द भिंतीपलीकडं. वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल कृपा करून लावू नका, ते मावणारे शब्दही वाटेल तिथं तोडतं, आणि तसा मजकूर झूम करून वाचणं फार थकवतं.

तक्त्याला स्वतःचा रॅपर द्या, त्याला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो. त्या रॅपरवर टॅबइंडेक्स शून्य, रोल रीजन आणि एक लेबल, उदाहरणार्थ 'पाणीपातळीचा तक्ता'. म्हणजे टॅबनं तिथं पोचून बाणांनी सरकवता येतं, आणि स्क्रीन रीडर काय आहे ते वाचतो. फोनवर स्क्रोलबार दिसत नसतात, म्हणून रकान्यांची रुंदी अशी ठेवा की उजव्या कडेला एक रकाना अर्धा दिसेल. अर्धं अक्षर दिसलं की माणूस आपोआप बोट फिरवतो.

लक्ष्मीपुरी_८८ · मंगळवार, रात्री ८:४८

फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून माझी एक साइट उघडली. बॉडीला हिडन आहेच. 'ऑर्डर द्या' हे बटण अर्धं बाहेर, नुसतं 'ऑर्ड' दिसतंय, दाबता येतंय कसंबसं. त्याच्या शेजारचं व्हॉट्सॲपचं बटण तर पूर्ण गायब. सकाळी जे लिहिलं होतं त्यातला 'तक्रार नाही' हा मुद्दा मागं घेतो. वेळेचा मुद्दा राहतोच. लवकर शोधायची काही युक्ती असेल तर द्या.

रंकाळा_फेरी · मंगळवार, रात्री ९:०५

भावा, पाच मिनिटांचं काम हाय. आधी सगळे हिडन काढायचे, नाहीतर चोर दिसणारच नाही. मग स्टाइलमध्ये तारांकन लावून प्रत्येक एलिमेंटला आउटलाइन: १ पिक्सेल सॉलिड रेड. बॉर्डर नको, तिनं मापं बदलतात. फोनवर उघडून बघायचं, जी लाल चौकट पडद्याबाहेर जाते ती आपली. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये तर स्क्रोल होणाऱ्या एलिमेंटशेजारी 'स्क्रोल' असा बिल्ला येतो, त्यावर क्लिक केलं की कुणामुळं बाहेर जातंय त्याच्यापुढं 'ओव्हरफ्लो' चा बिल्ला उमटतो.

नेहमीचे चोर: १०० व्हीडब्ल्यू रुंदीचं बॅनर (डेस्कटॉपवर त्यात उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते, तेवढं बाहेर जातं), मॅक्स-विड्थ नसलेला फोटो, ग्रिडमधलं नुसतं १एफआर, त्याजागी मिनमॅक्स शून्य ते १एफआर लिहायचं. आणि फ्लेक्समधलं पिल्लू. त्याची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, म्हणून आतल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा ते बारीक होत नाही.

जुना_पिक्सेल · मंगळवार, रात्री ९:३०

त्यातच एक भर. ओव्हरफ्लो-रॅपच्या दोन किंमतींत फरक इथंच पडतो. ब्रेक-वर्ड शब्द मोडतं, पण कमीत कमी रुंदी मोजताना तो मोडणार आहे हे धरत नाही, म्हणून फ्लेक्समध्ये पिल्लू फुगलेलंच राहतं. एनीव्हेअर ते धरतं. फायरफॉक्स ६५, क्रोम ८०, सफारी १५.४. म्हणजे अपडेट केलेल्या आयफोन ७ वरही एनीव्हेअर आहे. जुन्यांसाठी वरच्या ओळीत ब्रेक-वर्ड लिहून ठेवा.

कुरुंदवाडची_लेक · बुधवार, सकाळी ८:२०

मला कोडिंग येत नाही, पण ही अशी पानं मी पावसाळ्यात रोज उघडते. आमच्या घरात २०१९ ला पाणी आलं होतं. एक विचारू? शेरा शेवटी का आहे? मला पहिल्यांदा रस्ता बघायचा असतो, मग पातळी. वेळ आणि इशारा-धोका मी बघतसुद्धा नाही, ते पाठ आहे. शेरा ठिकाणाच्या शेजारी आणला तर सरकवायलाच लागणार नाही ना?

तिकटीवरचा · गुरुवार, रात्री १०:१५

ताई, तुमचा निरोप वाचला आणि खुर्चीत सरळ बसलो. तक्त्याचा क्रम आम्ही एका सरकारी नमुन्यावरून जसाच्या तसा उचलला होता, दोन वर्षं कुणीच विचार केला नव्हता. बदललाय. आता ठिकाण, शेरा, पातळी, वेळ, इशारा/धोका. पहिले दोन रकाने ३६० मध्ये पूर्ण दिसतात, तिसऱ्याचा अर्धा, बाकीचे सरकवल्यावर. 'ठिकाण' डावीकडं चिकटवून ठेवलंय, म्हणजे सरकवलं तरी कुठल्या गावाची ओळ ते सुटत नाही.

चोर सापडला. तक्ता नव्हताच, म्हणजे तो एकटा नव्हता. तळाशी फ्लेक्सची एक ओळ होती, चिन्ह आणि शेजारी गटात सामील व्हायची लिंक, सलग अक्षरांची, मध्ये कुठंही जागा नाही. तीच ४३० पिक्सेल घेत होती आणि आख्खं पान ओढत होती. तिला एनीव्हेअर लावलं आणि ती गपगुमान दोन ओळींत बसली. तक्त्याला कीबोर्डवर यांनी सांगितला तसा ऑटोचा रॅपर दिला, टॅबइंडेक्स आणि लेबलसह. मथळ्यांची लाइन-हाइट १.१ होती, १.४५ केली, शिरोरेषाताईंचं वाक्य टाकून तपासली.

आता बाहेर काहीच पडत नाही, त्यामुळं हिडन नाही आणि क्लिपही नाही. दोन्ही ओळी लिहिल्या होत्या, पुसून टाकल्या. पट्टी आयफोन ७ वरसुद्धा चिकटते, आज संध्याकाळी गटातल्या एकाचा फोन मागून घेऊन बघितलं. अँड्रॉइड ७ वर आणि कार्यालयातल्या विंडोज ७ वरही ठीक आहे.

शियेच्या काकांना फोन केला आणि पान उघडायला लावलं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, "शिये-बावडा, रस्ता चालू." मग म्हणाले, "आता दिसतंय."

लक्ष्मीपुरी_८८ · गुरुवार, रात्री १०:५०

लाल आउटलाइननं माझंही सापडलं, बटणांच्या फ्लेक्सला रॅप दिलेलं नव्हतं. एकच राहिलंय. डेस्कटॉपवर फोटोची पॉपअप उघडली की मागचं पान किंचित उजवीकडं उडी मारतं. तेही ओव्हरफ्लोचंच का?

जुना_पिक्सेल · गुरुवार, रात्री ११:१०

हो. पॉपअप उघडताना स्क्रिप्ट बॉडीला हिडन लावते, स्क्रोलबार जातो, त्याची रुंदी मोकळी होते, पान तेवढं सरकतं. एचटीएमएलला स्क्रोलबार-गटर: स्टेबल द्या, जागा राखून ठेवली जाते. क्रोम ९४, फायरफॉक्स ९७, सफारीत डिसेंबर २०२४ च्या १८.२ पासून. जुन्या सफारीत उडी राहील, वाचायला अडचण येणार नाही.